समुद्रापलीकडचा वाटा

काशीच्या बाबतपूर विमानतळावरून निघालेला माणूस सॅन फ्रान्सिस्कोला किती वेळात पोचतो, हे मला विचारलं नाही असं रामघाटावरचं मराठी घर आता उरलेलं नाही. मी लगेच आकडा सांगत नाही. आधी विचारतो, "कुठल्या बाजूने जाणार?" समोरचा गोंधळतो. गोंधळलेल्या माणसाशी बोलणी करायला सोपं जातं, हे मी धंद्यात शिकलो. पण हा प्रश्न मी धंद्यासाठी विचारत नाही. उत्तर खरोखरच बाजूवर अवलंबून असतं.

रामघाटावरून नावेने रामनगरला जायचं तर प्रवाहाच्या उलट जावं लागतं. नावाडी घामाघूम होतो, आपण कंटाळतो. परत येताना तोच नावाडी वल्हं नुसतं हातात धरून गाणं म्हणत बसतो. अंतर तेच आणि नाव तीच, पण वेळ निम्माही लागत नाही. आकाशातही असाच प्रवाह असतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा. दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पृथ्वीच्या गोलावर सरळ दोरा ताणला तर अंतर बारा-साडेबारा हजार किलोमीटर भरतं. जपानवरून, प्रशांत महासागरावरून गेलं तर त्याहून चांगलंच जास्त. तरीही ती लांबची वाट धरणारं विमान बहुतेक वेळा लवकर उतरतं, कारण वारा त्याच्या पाठीशी असतो. पंधरा-सोळा तासांत माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला.

हे मला कोणी शिकवलं नाही. शिकवणारे होते, त्यांनी मला वाट्यातून बाहेर काढलं होतं.

आमचं घराणं रामघाटावरच्या तीर्थोपाध्यायांचं. महाराष्ट्रातून काशीयात्रेला येणारी कुटुंबं आमची यजमान. त्यांचं उतरणं, गंगापूजन, श्राद्ध सगळं आमच्याकडे. भाऊ वेगळे होतात तेव्हा भांडीकुंडी वाटतात तसे आमच्यात यजमानही वाटतात, गावांच्या हिशेबाने. बाबा थकले तेव्हा त्यांनी आम्हा दोघा भावांना समोर बसवलं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वेद त्याला मुखोद्गत, पंचांग त्याच्या बोटांवर. मला पाठ होत नसे आणि राग लवकर येत असे. सातारा दादाला, वाई दादाला, कऱ्हाड, कोल्हापूर, सांगली दादाला. यजमान उतरतात म्हणून राहतं घरही दादालाच. मग बाबांनी दादाकडे पाहिलं. आता याला काय द्यायचं, असं ते पाहणं होतं.

दादा म्हणाला, "जे समुद्रापलीकडे गेले ते सगळे यजमान धाकट्याला द्या. जग मोठं आहे."

खोलीत बसलेले काका-मामा हसले. तेव्हा परदेशी गेलेला माणूस काशीला परत येतो हे कोणी पाहिलं नव्हतं. समुद्र ओलांडून बाटलेली माणसं, असंच त्यांच्याबद्दल बोललं जायचं. म्हणजे मला हवा दिली होती. मी समोरचा तांब्या उचलून भिंतीवर आपटला आणि घराबाहेर पडलो. त्या तांब्याला पडलेला पोचा अजून तसाच आहे. दादाने तो तांब्या टाकला नाही आणि ठोकून सरळही करून घेतला नाही. रोज संध्येला तोच घ्यायचा. मला दाखवायला, असं मी समजत होतो.

मी रामनगरला खोली घेतली, कारण रामघाटावर मला परवडेल अशी एकही नव्हती. गंगेच्या पलीकडच्या, पूर्वेच्या काठावर मेलेला माणूस गाढवाच्या जन्माला जातो, असं काशीत मानतात. दादाने गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तिकडेच राहा. पुढच्या जन्माची तयारी आत्तापासून बरी." ते मला दुसऱ्याच दिवशी पानवाल्याने सांगितलं. काशीत टोमणा नावेपेक्षा लवकर नदी ओलांडतो.

हवेच्या वाट्यातून पहिलं कुटुंब आलं ते नैरोबीहून. वडिलांच्या अस्थी घेऊन दोन भाऊ, त्यांच्या बायका. आजोबा आमचे यजमान होते एवढंच त्यांना ठाऊक. रजा मोजकी, आणि त्यातली बरीचशी दिल्लीत पुढच्या विमानाची वाट पाहण्यात गेलेली. बाबतपूरला उतरले तेव्हा धाकटा भाऊ रडकुंडीला आला होता. विमानात बसलो त्याहून जास्त वेळ आम्ही बाकांवर बसलो, म्हणाला. ते वाक्य मी धरून ठेवलं. प्रवासाचा वेळ म्हणजे विमानातला वेळ नव्हे. आपल्या दारातून निघून घाटाच्या पायरीवर पाय ठेवेपर्यंतचा तो वेळ. तो कमी करून देणारा माणूस काशीत कोणी नव्हता. मी झालो.

चौकातून प्लास्टिकचा पृथ्वीगोल आणला. मोजायला दोरा हवा होता. घरात जानव्याचं सूत होतं, तेच घेतलं. नैरोबी, लंडन, टोरांटो, सिडनी, एकेका शहरापासून काशीपर्यंत सूत ताणून पाहिलं. नकाशावर सरळ दिसणारी वाट गोलावर वाकडी असते आणि गोलावरची सरळ वाट नकाशावर वाकडी दिसते, हे तेव्हा कळलं. पुढे आलेल्या प्रत्येकाला विचारत गेलो: कुठे बदललंत, किती थांबलात, जाताना जास्त लागला की येताना? दिल्लीच्या तिकीटवाल्यांशी भांडलो. बाबतपूरच्या टॅक्सीवाल्यांशी इतका भांडलो की शेवटी माझ्याच गाड्या घेतल्या. खोलीची जागा विकत घेऊन वर दोन मजले चढवले. अस्थी घेऊन येणाऱ्याला दार लागल्यापासून दार उघडेपर्यंत एकदाही बाकावर रडत बसावं लागू नये, हा माझा शब्द. तो मी पाळला. दादाच्या वाट्याची सातारा-वाईची पोरं जसजशी परदेशी गेली तसतशी माझ्या वाट्याला येत गेली. वाटणी त्यानेच केली होती, मी फक्त ती मोडू दिली नाही.

एवढं सगळं झालं, तरी दादा माझ्या घराची पायरी चढला नाही. लग्नकार्यात भेटायचो, बोलायचो, पण नदी ओलांडून तो आला नाही. मला दुसरं काही नको होतं. त्याने एकदा यावं आणि माझं घर, माझ्या गाड्या, पृथ्वीगोलावरचा माझा वाटा डोळ्यांनी पाहावा.

मग एका सकाळी वहिनी ई-रिक्षात बसून पुलावरून आली. दादाचा एकुलता मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला नोकरीला. त्याच्या मुलाची मुंज ठरली होती, तिकडच्याच घरी.

"भाऊजी, दोन तिकिटं काढा," पाण्याचा पेला खाली ठेवत वहिनी म्हणाली.

"कोणाकोणाची?"

"म्हणजे काय? मी शेजारणीला घेऊन जाणार आहे का? नातवाच्या कानात गायत्री आजोबांनीच सांगायची असं त्यांचं म्हणणं. मुलगा म्हणाला, तिथे भटजी मिळतो. झालं, दोन दिवस जेवले नाहीत."

"समुद्र ओलांडणार? मग बाटणार नाही का तो?"

"आल्यावर प्रायश्चित्त घेणार आहेत. तुम्ही टोमणे नंतर मारा, फुरसतीने. आधी तिकिटं."

"काढतो. फुकट काढतो. पण दादाने स्वतः येऊन सांगावं."

वहिनी हसली. "ते इथे येतील होय? गाढवाची भीती आहे त्यांना."

"फक्त गाढवाची?"

"आणि थोडी तुमची."

शेवटी ठरलं की मी अर्धा रस्ता यायचं आणि त्याने अर्धा. नदीच्या मधोमध भेटणं शक्य नव्हतं, म्हणून रामघाटाच्या खालच्या पायऱ्या. मी तिथवर गेलो यात माझीच घासाघीस कमी पडली, हे मला कळत होतं. पण नातवाची मुंज होती.

दादा पायरीवर बसला होता, शेजारी तो पोचा आलेला तांब्या, मागच्या पायरीवर वहिनी. त्याने सगळं ठरवूनच ठेवलं होतं. शनिवारपर्यंत एका यजमानाचं अनुष्ठान, ते सोडून तो हलणार नव्हता. मुंज तिकडच्या बुधवारी. म्हणून सोमवारी निघायचं. सोमवार त्याने आणखी एका कारणाने धरला होता. आमच्याकडे प्रवासाला निघताना दिशाशूल पाहतात. अमुक वारी अमुक दिशेला जायचं नाही. रविवारी आणि शुक्रवारी पश्चिम बंद, सोमवारी आणि शनिवारी पूर्व बंद, असं.

"अमेरिका पश्चिमेला," दादा म्हणाला. "सोमवारी पश्चिम मोकळी आहे. सोमवारचं काढ."

"सोमवारचंच आहे, रविवारचं भरलंय. दुपारी इथून दिल्ली, तिथून पहाटे पुढे. पण दादा, ते विमान पूर्वेला जातं."

"अमेरिका पश्चिमेला आहे."

"अमेरिका आहे तिथेच आहे. विमान पूर्वेने जातं. जपानवरून."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो संकल्पात चुकलेल्या यजमानाकडे पाहतो. मी पायरीवर ओल्या बोटाने गोल काढला, नदी दाखवली, नाव दाखवली. रामनगरला जाताना आणि येताना किती फरक पडतो ते विचारलं. तो माणूस हुशार आहे, हे मी रागातही कधी नाकारलं नाही. अर्ध्यातच त्याने हात वर केला.

"कळलं. वरचा वारा. मग पश्चिमेने जाणारं दुसरं नाही?"

"आहे. दोन ठिकाणी बदल. एक चुकलं तर मुंज गेली. शिवाय पश्चिमेने गेलास तर सूर्य तुझ्याबरोबर धावणार, लवकर मावळणारच नाही. सायंसंध्या कधी करशील?"

"आणि पूर्वेने?"

"पूर्वेने गेलास तर मंगळवारी सूर्य दोनदा उगवेल. एकदा वाटेत, एकदा तिथे उतरताना. मंगळवारी पहाटे निघून मंगळवारी सकाळीच उतरशील."

 त्याच्या चेहऱ्यावर मला लहानपणी दिसायचा तसा आनंद होता, अवघड गणित समोर आल्यावर दिसणारा. बोटांची पेरं मोजत तो स्वतःशी काहीतरी बोलला. मग म्हणाला, "पहाटे म्हणजे सूर्योदयाआधी. पंचांगाने तो सोमवारच. सोमवारी पूर्व बंद."

"तिकिटावर मंगळवार लिहिलंय."

"तिकीटवाल्याने लिहिलंय. सूर्याने नाही."

मी तापलो. म्हणालो, "तुझ्या सूर्यापायी नातू भटजीकडून गायत्री घेईल." तोही तापला. दोन पायऱ्या वर कपडे धुणारी बाई हात थांबवून बघायला लागली. वहिनीच मध्ये पडली.

"प्रस्थान ठेवा की. तुम्हीच लोकांना सांगता ना?"

प्रस्थान म्हणजे असं. निघायच्या दिवशी दिशा बंद असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी त्या दिशेला, आपल्या घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी आपली वस्तू नेऊन ठेवायची. ब्राह्मणाने जानवं ठेवायचं, सोबत सुपारी, हळकुंड, अक्षता. म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला, असं धरतात. स्वतः जाऊन राहिलं तर ते खरं प्रस्थान.

"रविवारी पूर्व मोकळी आहे," दादा म्हणाला. "रविवारी ठेवता येईल. मंगळागौरीच्या देवळाजवळ ते जोशी—"

"मंगळागौरी उत्तरेला," मी म्हणालो.

"मग मागच्या गल्लीतले—"

"ती पश्चिम."

आम्ही तिघांनीही समोर पाहिलं. रामघाटाच्या पूर्वेला गंगा आहे. गंगेनंतर वाळू. आणि त्याच काठाने थोडं वर रामनगर. मी मुद्दामच बोललो नाही. बोलणी करताना ज्याला गरज आहे त्याला आधी बोलू द्यावं.

शेवटी दादाच बोलला. "नावेत ठेवलं तर?"

"नाव कोणाचं घर नाही. तूच सांगतोस लोकांना."

"आग्नेयेला पडतं तुझं घर. नीट पूर्वेला नाही."

"जपानवरून जाणारं विमानही नीट पूर्वेला जात नाही. वाकडंच जातं."

"आणि सोमवारी ते जानवं घ्यायला परत तिकडे यायचं तर सोमवारी पूर्वेला येणं झालं," तो स्वतःच म्हणाला. आपल्याच शास्त्राने त्याला कोपऱ्यात आणलं होतं. "म्हणजे रविवारची रात्र तिथेच राहावं लागेल."

"राहा. गादी आहे, पंखा आहे."

"आणि रात्रीत काही झालं तर?"

"तर गाढव होशील. सामान वाहायला मला हवंच आहे एक."

वहिनीने पदर तोंडाला लावला. दादा हसला नाही. पण तांब्या उचलताना म्हणाला, "पंखा जोरात लावू नकोस. मला सर्दी होते."

रविवारी तो पुलावरून आला नाही, नावेने आला. प्रवाहाच्या उलट, रामघाटावरून थेट. बहुतेक काठावरून सगळ्यांना दिसावं म्हणून, किंवा दिसू नये म्हणून. मी विचारलं नाही. पायरीशी थांबून त्याने एकदा वर बघितलं, दोन्ही मजले, आणि आत आला. वहिनीने आणलेल्या डब्यात दशम्या होत्या, दुधात भिजवून केलेल्या, कारण दादा विमानात परक्या हातचं खाणार नव्हता. किती करायच्या हे ठरवायला तिने मला आधी फोन केला होता: "भाऊजी, तास सांगा, त्यावर पीठ भिजवते." मी तास सांगितले. तिने विश्वास न ठेवता दुप्पट केल्या.

दादाने कापडात जानवं, सुपारी, हळकुंड, अक्षता बांधल्या आणि कुठे ठेवायचं म्हणून आजूबाजूला पाहिलं. फळीवर माझा पृथ्वीगोल होता, जुना, उन्हाने पांढरट पडलेला, काशीपासून निघालेलं सूत अजून त्याला गुंडाळलेलं. त्याने ते सूत दोन बोटांत धरून पाहिलं.

"हे जानव्याचं आहे."

"घरात तेच होतं."

"नऊ पदरांचं?"

"तीन सुटे केले. मोजायला तेवढे पुरतात."

 गोलावरून सूत उचलून त्याने काशी ते सॅन फ्रान्सिस्को ताणलं, एकदा उत्तरेवरून, एकदा जपानवरून. दोन्ही लांब्या बोटाने धरून तुलना केली. "लांबची लवकर पोचते," म्हणाला. मग गाठोडं त्या गोलाच्या शेजारीच ठेवलं. मी त्या वेळी पाठ करून उभा होतो, कारण माझा चेहरा त्याने पाहावा असं मला वाटत नव्हतं. तीस वर्षांहून जास्त काळ मी या पायरीवर त्याची वाट पाहिली होती. आता तो इथे माझ्या गादीवर पाय पसरून पंख्याबद्दल तक्रार करत होता.

सोमवारी मीच गाडी काढली. पूल ओलांडून शहरातून गेलो. घरावरून वळायचं का, असं वहिनीने विचारलं. प्रस्थान ठेवल्यावर घरी जायचं नसतं, दादा म्हणाला. बाबतपूरला दारावरच्या तपासणीत त्या पोचा आलेल्या तांब्यातलं गंगाजल पुढे न्यायचं नाही म्हणून सांगितलं. दादाचा आवाज चढला. त्याचा राग माझ्यासारखाच आहे हे मी तेव्हा पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. मी शिपायाशी बोललो, गंगाजलाची बंद बाटली आधीच मोठ्या पेटीत टाकलेली होती. तांब्या रिकामा जाईल, असं ठरलं. "सगळं आधीच केलंस," दादा म्हणाला. तक्रार होती की शाबासकी, त्याच्या बोलण्यात हे वेगळं करता येत नाही. जानव्याचं गाठोडं त्याने छातीशी धरलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी रामनगरला फोन आला. तिकडे सकाळ होती. पुतण्याने फोन लावून त्याच्या हातात दिला असावा, कारण आधी बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"पोचलो."

"किती दशम्या उरल्या?"

"निम्म्याहून जास्त. तुझ्या वहिनीला कोणी सांगितलं एवढ्या करायला?"

"मी सांगितले तेवढेच तास लागले ना?"

"लागले." मग तो म्हणाला, "सूर्य दोनदा उगवला. मी दोन्ही वेळा अर्घ्य दिलं. मनातल्या मनात, पाणी नव्हतं."

 तो पुढे म्हणाला, "ऐक. मी आता समुद्रापलीकडे आहे."

"आहेस."

"म्हणजे वाटणीप्रमाणे तुझा झालो."

दिवाणखान्यात माझी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर करून विचारलं, काय म्हणतात? मी हाताने थांब म्हटलं. ती माफी नव्हती. दादा माफी मागत नाही, मीही मागत नाही, आमच्या घराण्यात ती पद्धत नाही. पण मी आयुष्यभर भाव करत आलो आहे. समोरचा त्याचा शेवटचा आकडा सांगतो तेव्हा तो मला आवाजावरून कळतो.

"यजमान म्हणून घेतो तुला," मी म्हणालो. "पण आमच्याकडचा नियम आहे. आमचा यजमान परत आल्यावर आधी आमच्या दारी उतरतो."

"रामनगरला?"

"रामनगरला."

पलीकडे कोणीतरी त्याला मांडवाबद्दल काही विचारत होतं. त्याने त्यांना थांबायला सांगितलं.

"पंखा हळू ठेव," दादा म्हणाला.